निर्वासितांच्या छावणीत शाळा केव्हा उघडावी?

एखाद्या प्रदेशावर युद्धाचे, दंगलीचे वा महापुराचे संकट कोसळले आणि हजारो कुटुंबे घरदार, शेतीवाडी, गुरेढोरे मागे टाकून नेसत्या वस्त्रानिशी रस्त्याला लागली, म्हणजे सरकारदरबारी जी धावपळ सुरू होते तिचा एक ठरीव क्रम असतो. प्रथम छप्पर, मग शिधा, मग पाण्याचे टँकर, मग माणसांच्या याद्या, मग बंदोबस्ताला शिपाई. आणि हे सारे स्थिरस्थावर झाल्यावर, महिन्याने म्हणा वा वर्षाने म्हणा, कोणाच्या तरी ध्यानात येते की या गर्दीत शेकडो मुले आहेत व ती सकाळपासून रात्रीपर्यंत नुसती बसून आहेत. डॉक्टर त्याआधी येतो हे खरे. पण तो फिरतीवर आलेला असतो, आज आला तर पुन्हा केव्हा येईल याची शाश्वती नसते, आणि गेल्या खेपेस त्याने कोणाला कोणते औषध दिले याची नोंद त्याच्या जीपगाडीबरोबरच निघून गेलेली असते.

या क्रमाच्या मुळाशी अधिकाऱ्यांचा निष्ठुरपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पहिल्या आठवड्यात त्यांतील कित्येक जण स्वतः उपाशी राहून राबत असतात. मुळाशी आहे ते एक गृहीत: छावणी ही तात्पुरती बाब आहे. जो मनुष्य चार दिवसांत घरी परतणार, त्याच्या मुलासाठी मास्तर कशाला नेमायचा आणि त्याच्या गरोदर सुनेसाठी कायमची परिचारिका कशाला ठेवायची, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. परंतु चार दिवसांचे चार महिने आणि चार महिन्यांची चार वर्षे होताना जगाने इतक्या वेळा पाहिले आहे की, आता या गृहीताला अनुभवाचा आधार उरलेला नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे की, शाळा आणि दवाखाना यांची तजवीज छावणीच्या पहिल्या आठवड्यातच झाली पाहिजे. ती चालविणारी माणसे प्रथम छावणीतूनच शोधली पाहिजेत. आणि तेथे मिळालेला दाखला छावणीच्या कुंपणाबाहेरही चालला पाहिजे.

आपल्या कायद्याचीच स्थिती पाहा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे बारावे कलम मदत छावण्यांतील किमान गरजांची गणना करते: निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत आणि स्वच्छता. विधवा आणि अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद असावी असेही ते सांगते. शाळेचे नाव मात्र त्या यादीत नाही. याउलट २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा अधिकार देतो, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असे बजावतो, आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणूनही मुलाला अडवू नये असे स्पष्ट शब्दांत लिहितो. दोन्ही कायदे एकाच संसदेचे, अवघ्या चार वर्षांच्या अंतराने झालेले. पण एकाला छावणी ठाऊक आहे आणि तिच्यातला विद्यार्थी ठाऊक नाही, तर दुसऱ्याला विद्यार्थी ठाऊक आहे आणि छावणी ठाऊक नाही. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांपुढे आलेली अंतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे या दोहोंची सांगड घालतात खरी, परंतु ती तत्त्वेच असल्यामुळे कोणत्याही जिल्हाधिकाऱ्यावर बंधनकारक नाहीत.

हे मागणे अशक्य कोटीतले आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी कोल्हापूरचा इतिहास चाळावा. स्टालिनच्या राजवटीने १९४० आणि १९४१ साली पूर्व पोलंडमधून लक्षावधी माणसांना मालडब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तान येथे हद्दपार केले. त्यांतून वाचलेल्यांपैकी काही जण १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतील सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे वसली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती, कारण कर्ते पुरुष सैन्यात होते, कैदेत होते किंवा परक्या मातीत विसावले होते. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडी येथे ज्या पोलिश मुलांना आश्रय दिला होता, त्यांतील अनेक जण पुढे येथेच आले. या वसाहतीत बालवर्गापासून माध्यमिक वर्गांपर्यंत शाळा होत्या, इस्पितळ होते, प्रार्थनामंदिर होते, बालवीरांची पथके होती. शिकविणारे शिक्षक बहुतांशी निर्वासितांमधलेच होते, शिक्षण पोलिश भाषेत चालत असे, आणि खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकारने उचलला होता. युद्ध केव्हा संपेल आणि परतायला देश उरेल की नाही हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते. त्या अनिश्चिततेचा अर्थ त्यांनी ‘थांबू या’ असा न लावता ‘म्हणूनच आज वर्ग भरवू या’ असा लावला, आणि सायबेरियात ज्यांची वर्षे वाया गेली होती ती मुले पंचगंगेकाठी परीक्षा देऊ लागली.

या उदाहरणाला एक काळी किनार आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या वर्षी वळिवड्याची वसाहत उभी राहिली त्याच १९४३ साली, त्याच ब्रिटिश अमलाखाली, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नान्न करीत रस्त्यांच्या कडेला मेली. तेव्हा शाळा आणि इस्पितळ ही ऐपतीची बाब आहे असे जे म्हटले जाते ते अर्धेच खरे. कोणाच्या मुलांना भविष्य आहे असे सरकार मानते आणि कोणाच्या मुलांना नुसते पोट आहे असे मानते, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

आरोग्याच्या बाबतीतला सर्वांत मोठा धडाही बंगालनेच दिला. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, आणि सीमेवरील बनगाव येथे पटकीने थैमान घातले. इस्पितळाच्या दोन खोल्यांची जमीन रुग्णांनी इतकी भरून गेली होती की, शिरेतून सलाईन द्यायचे तर डॉक्टरला वांतीच्या आणि जुलाबाच्या घाणीत गुडघे टेकून बसावे लागे. आणि त्या सलाईनचा साठाही संपत आला होता. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी तेव्हा जो निर्णय घेतला तो, पाठ्यपुस्तकांची मान्यता पुरती लाभलेली नसताना, घेण्याचे धैर्य फार थोड्यांना झाले असते. एका लिटरला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या कलकत्त्यात बांधवून घेण्यात आल्या, ते मिश्रण इस्पितळात पिंपांतील पाण्यात कालवले गेले, आणि रुग्णांच्या आयांना, भावांना, शेजाऱ्यांना सांगण्यात आले की तुम्हीच पेले भरा आणि तुम्हीच पाजा. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते शेकडा साडेतीनच्या घरात आले. जलसंजीवनी म्हणून आज खेड्यापाड्यांतील अंगणवाडीसेविका जी पुडी देते, तिची खरी कसोटी निर्वासितांच्या त्या गर्दीत लागली. महालनोबीसांना पद्मविभूषण मिळाले ते मात्र २०२३ साली, त्यांच्या निधनानंतर.

या कथेतील औषधाचे कौतुक सर्व जण करतात, पण तिच्यातील व्यवस्थेकडे फारसे कोणी पाहत नाही. डॉक्टर थोडे होते, परिचारिका थोड्या होत्या, आणि तरीही हजारो रुग्ण सांभाळले गेले, कारण ज्यांना आपण ‘मदतीचे लाभार्थी’ म्हणतो त्यांच्याच हाती उपचार सोपविला गेला. याउलट जुलै १९९४ मध्ये रवांडातून पळालेली माणसे झैरमधील गोमा येथे लोटली, तेव्हा जलसंजीवनी साऱ्या जगाला ठाऊक होती, दाते होते, विमाने होती. तरीही पटकी आणि आमांश यांनी पहिल्या महिनाभरात सुमारे पन्नास हजार बळी घेतले, कारण शुद्ध पाणी वेळेवर पोचले नाही आणि पाजणारे हात संघटित झाले नाहीत. ज्ञान असून भागत नाही, ते छावणीत आधी पोचावे लागते. म्हणूनच गर्दीत राहणाऱ्या कुपोषित मुलांना गोवराची लस आल्याआल्या द्यावी, माणशी दररोज पंधरा लिटर तरी पाणी मिळावे आणि आरंभी पन्नास आणि शक्य तितक्या लवकर वीस माणसांमागे एक शौचकूप असावा, हे मदतकार्याचे आज सर्वमान्य झालेले निकष पहिल्या दिवसांसाठीच सांगितले गेले आहेत. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी ते नाहीत.

आता तात्पुरतेपणाच्या त्या गृहीताकडे वळू. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरविण्यात आले, तेव्हा तीही छावणीच होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले, आणि आजही तेथील मनुष्य आपला पत्ता ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतो. वळिवड्याची पोलिश वसाहत रिकामी झाल्यावर तेथेही सिंधी निर्वासितच आले, आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. ज्या छावण्यांचे शहर होणार आहे त्या ओळखण्याची विद्या कोणत्याही सरकारजवळ नाही. मग सगळ्याच छावण्यांना चार दिवसांच्या धर्मशाळा समजून वागविण्याचा हट्ट कशासाठी?

या हट्टाचे परिणाम पाहायचे असतील तर ते बांगलादेशातील कॉक्स बझार येथे दिसतात. ऑगस्ट २०१७ पासून अवघ्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून तेथे आले. एका गरीब देशाने इतक्या माणसांना आसरा दिला, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्याच शरद ऋतूत तेथे पटकीची लस लाखो माणसांना तोंडावाटे पाजली गेली आणि साथ टळली, हेही मोठे काम झाले. पण घरे बांबूची आणि ताडपत्रीचीच असावीत, शिक्षण ‘अध्ययन केंद्रां’पुरतेच असावे, स्थानिक शाळांत रोहिंग्या मुलांना प्रवेश नसावा, असा सरकारचा कटाक्ष राहिला. म्यानमारचा अभ्यासक्रम तेथे प्रायोगिक रूपाने सुरू व्हायला २०२१ चे वर्षअखेर उजाडले. म्हणजे जो मुलगा दहाव्या वर्षी सीमा ओलांडून आला तो चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याच्यासाठी रीतसर इयत्ताच नव्हती, आणि त्याच्या शिक्षणाला कोणत्याही शिक्षणमंडळाचे शिक्कामोर्तब नव्हते. तात्पुरतेपणा राज्यकर्त्यांच्या कागदावर होता. मुलाचे वय मात्र त्याच गतीने वाढत होते.

दूरच्या देशावर बोट ठेवणे सोपे असते. आपल्याच मणिपुरात ३ मे २०२३ रोजी मैतेई आणि कुकी-झो समाजांत सुरू झालेल्या हिंसाचाराने सुमारे साठ हजार माणसे बेघर झाली, आणि दोन वर्षे उलटल्यावरही त्यांतील हजारो कुटुंबे मदत छावण्यांतच होती. अनेक छावण्या शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींत भरल्या. बाकांच्या जागी अंथरुणे आली, आणि अशा रीतीने आलेल्या मुलांची शाळा बुडाली ती बुडालीच, परंतु त्या वास्तूत आधी शिकत असलेल्यांचीही गैरसोय झाली. मोठी रुग्णालये इंफाळमध्ये, आणि डोंगरातील कुकी-झो रुग्णाला इंफाळचा रस्ता बंद. तेव्हा चुराचांदपूरहून मिझोरममधील ऐझॉलपर्यंतचा घाटरस्ता कापण्यावाचून कित्येकांना गत्यंतर राहिले नाही. खोऱ्यातील मैतेई विस्थापितांची दुःखे वेगळी, पण मूळ तेच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती नेमली, जिच्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशीही होत्या. या समितीला आरंभीच ज्या प्रश्नांना हात घालावा लागला त्यांत जळालेल्या आणि हरवलेल्या कागदपत्रांचा प्रश्न होता. यात नवल नाही. घर जळते तेव्हा त्याबरोबर गुणपत्रिका जळते, जातीचा दाखला जळतो, बाळाच्या लसीकरणाचे कार्ड जळते. आणि मग दुसऱ्या गावच्या शाळेच्या वा इस्पितळाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या आईला प्रत्येक वेळी प्रथम एकच गोष्ट मागितली जाते, जी तिच्यापाशी नसते.

येथे एक आक्षेप हमखास पुढे येतो, आणि तो मंत्रालयापासून गावच्या पारापर्यंत सारख्याच आत्मविश्वासाने मांडला जातो: एवढ्या सोयी दिल्या तर ही माणसे येथून हलणारच नाहीत. इतिहास याच्या अगदी उलट साक्ष देतो. वळिवड्याच्या वसाहतीत शाळा होत्या, इस्पितळ होते, करमणुकीची साधनेही होती, आणि ती १९४८ पर्यंत रिकामी झाली. १९७१ च्या एक कोटी निर्वासितांवर भारताने आपल्या ऐपतीबाहेर खर्च केला, आणि बांगलादेश स्वतंत्र होताच पुढच्या काही महिन्यांत त्यांतील बहुतेक सगळे परतले. दवाखाना चांगला आहे म्हणून कोणी निर्वासित राहत नाही. परतीची वाट सुरक्षित नाही म्हणून राहतो. परतीची उमेद टिकविण्याचे कामही शाळाच करते. दलाई लामा १९५९ साली भारतात आल्यावर पुढच्याच वर्षी मसुरी येथे तिबेटी मुलांची शाळा निघाली, आणि १९६१ साली केंद्र सरकारने अशा शाळांसाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली; त्या शाळांमुळे तिबेटी भाषा आणि संस्कृती निर्वासनातही जिवंत राहिली.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. छावणीच्या शेजारचा गावकरी म्हणतो की, आमच्या गावात डॉक्टर नाही आणि यांना मात्र दाराशी दवाखाना. त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि त्याला असूयेचे नाव देऊन गप्प करणे हा उद्दामपणा होईल. त्यावर उपाय इतकाच की, छावणीचा दवाखाना गावालाही खुला असावा, आणि शाळा शक्य तेथे गावच्याच शाळेची तुकडी म्हणून, सरकारी हजेरीपटावर आणि सरकारी शिक्षणमंडळाखाली चालावी. छावणीच्या निमित्ताने आलेला शिक्षक आणि परिचारिका छावणी उठल्यावर त्या गावात राहिली, तर बिघडले कोठे?

तेव्हा करावे काय, याचे उत्तर फार गहन नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात किमान गरजांच्या यादीत शिक्षणाचा समावेश व्हावा, आणि ते कलम दंगलीने वा सशस्त्र संघर्षाने विस्थापित झालेल्यांनाही निःसंदिग्धपणे लागू करावे. छावणीत नाव नोंदवितानाच प्रत्येकाचा व्यवसाय लिहून घ्यावा, म्हणजे त्या गर्दीतले शिक्षक, परिचारिका, दाई, आशा आणि औषधविक्रेते कोण हे त्याच संध्याकाळी कळेल. आणि त्यांना उपकाराचा शिधा देण्याऐवजी कामाचे मानधन द्यावे. नोंदणीची तीच पावती शाळेतील प्रवेशाला आणि सरकारी इस्पितळातील उपचाराला पुरेशी मानावी, मग मनुष्य जिल्ह्यात असो वा शेजारच्या राज्यात. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि क्षय, मधुमेह यांसारख्या दीर्घ आजारांचे रुग्ण यांची स्वतंत्र वही असावी, कारण साथीने मरणारा मनुष्य सगळ्यांना दिसतो, पण औषधाची मात्रा चुकल्यामुळे तीन महिन्यांनी मरणारा कोणाच्याच हिशेबात येत नाही. आणि शाळेच्या इमारतीत छावणी भरवावीच लागली, तर त्या शाळेचे वर्ग कोठे बसतील याचा हुकूम त्याच कागदावर निघावा. यांतील कोणत्याही गोष्टीला नवे शास्त्र लागत नाही, आणि फारसा नवा पैसाही लागत नाही.

महाराष्ट्राने हे सारे परक्यांचे दुःख म्हणून वाचू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर आणि सांगलीची लाखो माणसे घरे सोडून निघाली, आणि त्यांतील असंख्य कुटुंबांनी शाळांच्याच खोल्यांत रात्री काढल्या. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या आसपास कोप्या बांधतात आणि उन्हाळ्यापर्यंत तेथे राहतात. हंगामी वसतिगृहे आहेत, शिक्षण हमी कार्डाची योजना आहे, तरी कोयता उचललेल्या आईबापांमागे मूल फडात जाते ते जातेच. प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार करणे कायद्याने भाग आहे, आणि तो नागरिकाला पाहायला मिळू शकतो. वाचकांपैकी ज्यांना या विषयाची कळकळ असेल त्यांनी आपल्या जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन त्या आराखड्यातील मदत छावणीचे पान उघडून पाहावे. त्यात किती पोती धान्य आणि किती ताडपत्र्या हे बहुधा लिहिलेले असेल. किती शिक्षक, किती परिचारिका आणि वर्ग कोणत्या दिवशी भरेल हे लिहिलेले नसेल, तर ते लिहून घेण्यासाठी एक अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.